रायफलची सायकल

२७ डिसेंबर २०२५, शनिवार

क्लबच्या रायफलीने आज पुन्हा दगा दिला. पहिली गोळी सुटली, कागदाला भोक पडलं, इथवर ठीक. पण रिकामी पुंगळी बाहेर उडायची, ती रायफलीच्या बाजूच्या खिडकीतच अडकून उभी राहिली. एसटीच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखी, ना आत ना बाहेर, आणि मागच्यांना वाट नाही. जयवंताबाईंनी नखाने ती काढली, दुसरी गोळी झाडली, पुन्हा तेच. दहा गोळ्यांना चार मिनिटं लागली. स्पर्धेत तीस सेकंद मिळतात.

ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, तरी वार्ताहराची खोड म्हणून पार्श्वभूमी नोंदवतो. कर्जतबाहेरच्या बंद दगडखाणीत आमचा रायफल क्लब आहे. हवेच्या बंदुका पाच, आणि खरी गोळी उडवणारी ही एकच, पॉइंट बावीसची, आपोआप भरणारी. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि परत येताना नवं काडतूस घेऊन येतो. माणसाने फक्त खटका ओढायचा. मी क्लबाचा सचिव, साप्ताहिकाचा वार्ताहर आणि शाळेत संस्कृतचा मास्तर. तिन्ही ठिकाणी माझं लेखन कोणी वाचत नाही.

जयवंताबाई क्लबात अकरा वर्षं झाडू मारतात, टार्गेटचे कागद लावतात, पुंगळ्या वेचतात. दोन वर्षांपूर्वी एका सरावाला माणूस कमी पडला म्हणून त्यांच्या हाती रायफल दिली. तेव्हापासून क्लबात त्यांच्याइतकं नेमकं कोणी झाडत नाही. (मराठीने दोन्ही कामांना एकच धातू ठेवला, ही तिची दूरदृष्टी.)

आता कमिटीने ठराव केला आहे. १८ जानेवारीला खालापूरच्या स्पर्धेत, शीघ्र फेरीत, जयवंताबाईंनी शंभरात ऐंशी काढले तर त्यांना रेंज सहायक म्हणून कायम करायचं. नाहीतर एक फेब्रुवारीपासून एजन्सीचा माणूस येणार, आणि त्याच्याबरोबर त्याचा झाडूही. अडकलेल्या गोळीला शून्य. अध्यक्ष आबाजींनी ठराव वाचला तेव्हा बाई दाराशी उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "ऐंशी व्हतील. बंदूक चालली तर."

बंदूक चालती ठेवणं माझ्याकडे. आधी ती सांभाळणारे हवालदार दिवाळीत मुलाकडे राहायला गेले, तेव्हापासून तिची देखभाल मी अंगावर घेतली. ते जाताना यंत्राच्या तेलाची बाटली ठेवून गेले होते. वास इतका उग्र, की मी ती अडगळीत टाकली आणि घाण्याचं शुद्ध खोबरेल आणलं. संस्कृतात स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे माया. मी दोन्ही सढळ हाताने लावतो.

महिनाभर उत्तम चाललं. मग थंडी पडली आणि त्याच आठवड्यात रायफल बिघडली. हा काकतालीय न्याय. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, एवढाच संबंध.

२८ डिसेंबर, रविवार

गुन्हेगार सापडला. सकाळी मॅन्युअल समोर ठेवून रायफल उघडली, तर बोल्टच्या खाचेत तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल. खंडेनवमीला आबाजींनी शस्त्रपूजा केली तेव्हाची अक्षत. तीन महिने आत मुक्कामाला होती.

दाणा काढला, तेल भरपूर लावलं, रायफल जोडली. जयवंताबाई म्हणाल्या, "सर, जरा कठड्यावर उन्हात ठिवते. धूळ जाईल." बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. मी हजेरीपट लिहीत बसलो. बाराच्या सुमाराला त्यांनी झाडल्या. दहाच्या दहा गोळ्या चोवीस सेकंदांत, पुंगळ्या लाह्यांसारख्या उडाल्या. आबाजींना फोन करून सांगितलं, "आपल्या अक्षतांनी घात केला होता." ते म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी हळद-कुंकूच वाहू."

घरी आलो तर सोनाली डोक्याच्या तेलाची बाटली गच्चीवर उन्हात ठेवत होती. म्हणाली, "अहो, रोज सकाळी दगड होतोय याचा." बायकांची कामं कधी संपत नाहीत.

३१ डिसेंबर, बुधवार

अक्षत निर्दोष. सकाळी सातला सराव ठेवला, आणि पुंगळी पुन्हा खिडकीत उभी. बोल्ट मागे गेला, पण झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, नाइलाजाने आणि अर्धाच.

जयवंताबाई बोटाने बोल्ट चाचपत म्हणाल्या, "सर, तेल थिजतंय न्हवं का आत?"

मी म्हटलं, "बाई, थिजतं ते तूप. भीतीने थिजतात ते डोळे. तेलाला 'गोठणं' म्हणावं."

"मग गोठतंय."

"पण गोठतं ते रक्तसुद्धा. आणि गोठा हा शब्द तर गोष्ठावरून आला, म्हणजे गाईंचा."

"आमच्यात थिजतंयच म्हणतात."

चर्चा अर्धा तास रंगली. रायफलीचं राहून गेलं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

तर्कशास्त्राला शरण गेलो. अन्वय-व्यतिरेक, म्हणजे जे असताना कार्य होतं आणि नसताना होत नाही, तेच कारण. तक्ता केला. अठ्ठावीसला चालली: रविवार, मी पांढरा सदरा घातलेला, वरच्या खोक्यातली काडतुसं. एकतीसला अडली: बुधवार, निळा सदरा, खालच्या खोक्यातली काडतुसं.

दुपारी तीनला, पांढरा सदरा घालून, नव्या खोक्यातली काडतुसं घेऊन गेलो. रायफल बाईंनी कठड्यावर ठेवलीच होती. दहा गोळ्या, पंचवीस सेकंद, एक्याण्णव गुण. कारण सदरा किंवा काडतूस. सदरा मी तारतम्याने वगळला.

बाईंना सांगितलं, "जुन्या काडतुसांत दम नाही."

त्या म्हणाल्या, "सर, ही खालच्याच खोक्यातली व्हती. नवं खोकं तुमच्या पिशवीत हाय."

पिशवीत होतं. मग सदरा.

६ जानेवारी, मंगळवार

पांढरा सदरा, सकाळी साडेसात, तीन गोळ्यांत दोन अडकल्या. सदऱ्याचाही निकाल लागला.

आता तज्ज्ञाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईत परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाले आहेत. मॅन्युअलमध्ये या रोगाला 'सायकलिंग प्रॉब्लेम' म्हटलं आहे. गोळी सुटण्यापासून पुढची भरण्यापर्यंतचं चक्र पूर्ण होत नाही, असा अर्थ. मी पत्राचा मसुदा केला: 'आमच्या रायफलीचे आवर्तनचक्र खंडित होत असून तातडीने उपाय व्हावा.' नवीनला टाईप करायला दिला. नवीन म्हणजे आबाजींचा भाचा, क्लबाचा खजिनदार, आणि क्लबात ज्याला संगणक येतो तो एकटाच.

त्याने वाचून विचारलं, "सर, आवर्तनचक्र म्हणजे?"

"सायकल."

"मग सायकलच लिहितो ना. लोकांना कळायला नको?"

लिहू दे म्हटलं. शब्द सोपा असावा, या मताचा मीही आहे, विशेषतः दुसऱ्याच्या लेखनात. पत्र सहीसाठी आबाजींकडे गेलं.

८ जानेवारी, गुरुवार

आज जे घडलं ते साप्ताहिकात छापता येणार नाही, म्हणून इथे.

शाळा सुटल्यावर क्लबात गेलो, तर फाटकाशी एक साठीचे गृहस्थ. खांद्याला पिशवी, हातात हवा भरायचा पंप. म्हणाले, "अस्सलाम. मी बद्रुद्दीन, चौक गावचा. आबाजींनी पाठवलं. सायकल कुठाय?"

"कसली सायकल?"

त्यांनी खिशातून माझंच पत्र काढलं, खाली आबाजींची सही. 'आमच्या रायफलची सायकल पूर्ण होत नसून तातडीने उपाय व्हावा.' आबाजींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो मास्तर, सायकलीसाठी मुंबईला कशाला पत्र? चौकला बद्रुद्दीनभाई आहेत. चाळीस वर्षं तेच करतात."

"आबाजी, रायफल."

"हां, रायफल मार्क असेल. जुनी मजबूत सायकल. त्यांना सगळे मार्क येतात."

बद्रुद्दीनभाई इतक्या लांबून टेंपोने आले होते, आणि पंप फाटकाला टेकवून शांत उभे होते. म्हटलं, चहा तरी घ्या. चहा घेताना त्यांनी विचारलं, "पण झालंय काय त्या बंदुकीला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "दाखवा तर."

मी त्यांना शस्त्र कायदा समजावला. परवान्याशिवाय परक्या माणसाने हत्याराची दुरुस्ती करणं गुन्हा. त्यांनी पंप खाली ठेवला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि रायफलीपासून तीन फुटांवर उभे राहिले. रायफल रिकामी करून मी उघडली. ते मान पुढे काढून, हात तसेच मागे ठेवून, विहिरीत वाकून बघावं तसे बघत राहिले. मग नाक जवळ आणून वास घेतला. वास घेण्याबद्दल कायद्यात काही नाही.

"तेल कुठलं लावता?"

"शुद्ध खोबरेल. घाण्याचं," मी अभिमानाने सांगितलं.

बद्रुद्दीनभाई बराच वेळ माझ्या डोक्याकडे पाहत होते. डोक्यावर केस नाहीत, पण त्यात पाहण्यासारखं काय?

"मास्तर, थंडीत माझ्याकडं रोज दोन पोरं येतात. फ्रीव्हील फिरत नाय. आईनं हौसेनं चेनीला हेच घातलेलं असतं. डिझेलनं धुवायचं, कोरडं पुसायचं, बस. हे तेल डोक्याला लावा."

"भाई, ही रायफल आहे. फ्रीव्हील नव्हे."

"हा, ते बराबर," ते म्हणाले. "फ्रीव्हील ऐकतं."

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला होता. धुळीचा त्रास असावा. भाईंना फाटकापर्यंत पोचवायला त्याच गेल्या. दोघं बराच वेळ बोलत उभे होते, आणि एकदा दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

सोनालीला रात्री जेवताना हा सायकलवाला तज्ज्ञ सांगितला. तिला माझ्या अपेक्षेच्या जागी हसू आलं नाही. भलत्याच जागी आलं.

११ जानेवारी, रविवार

चमत्कार. काल परीक्षेच्या कामात होतो, क्लब नवीनने उघडला होता. आज सकाळी सातला, कडाक्याच्या थंडीत, निळ्या सदऱ्यात, जुन्या काडतुसांनी रायफल चालली. दहा गोळ्या, तेवीस सेकंद, एकोणनव्वद गुण. बाई पहिल्यांदा माझ्यादेखत हसल्या. म्हणाल्या, "आता आसंच ऱ्हाऊ द्या, सर."

मात्र रायफलीला टेंपोचा वास येत होता. आतून कोरडी ठणठणीत, तेलाचा टिपूस नाही. नवीनला झापलं. तो म्हणाला, "सर, काल आम्ही धुतली. आता तेल नको, प्लीज."

आजच्या पिढीला कष्ट नकोत. इतकी गुणी रायफल अशी रुक्ष ठेवायची? सगळे गेल्यावर मी तिला पुसली, आणि दोन दिवसांचं राहिलेलं तेल एकदम लावलं.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी अडली. पाचात चार. जयवंताबाईंनी रायफल खाली ठेवली, बोल्टवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "निराश होऊ नका." त्या म्हणाल्या, "निराश नाय सर, मोजतेय. शंभरपर्यंत."

शंभर गुण मोजत असाव्यात. ईर्ष्या चांगली आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सोनालीने तिळगूळ देताना विचारलं, "खोबरेलच कशाला? तिळाचं लावून बघा. ते थंडीत पातळ असतं." मी समजावलं की तीळ दानाचा, हत्याराचा नव्हे. तिने तिळगूळ दिला. पुढचं 'गोड बोला' मात्र म्हणाली नाही.

क्लबात बाईंनी एकच प्रश्न विचारला. "सर, खालापूरला गोळी मारायची जागा कशी हाय? ऊन कवा येतं?"

"चिंता नको," मी म्हटलं. "रेंज डोंगराच्या अगदी पायथ्याला आहे. साडेनऊ-दहापर्यंत छान सावली असते. डोळ्यांवर तिरीप येणार नाही. तुमची फेरी साडेआठलाच."

वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्या भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एजन्सीचा माणूस जेवण घेऊन येतो का क्लबानं द्यायचं?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज तसा ऐकला. मला वाईट वाटलं. घरी येऊन तक्ता पुन्हा मांडला. वार, सदरा, काडतूस, दिशा, चंद्राची कला. काहीच जमत नाही. सकाळी अडते, दुपारी चालते, एवढंच दिसतं, पण याला कारण म्हणत नाहीत. याला वेळ म्हणतात.

१६ जानेवारी, शुक्रवार

बाई नाहीत. नवीन म्हणाला, चौकला गेल्यात, बद्रुद्दीनभाईंकडे. स्पर्धा परवावर आली आणि यांना सायकल दुरुस्तीची पडली आहे. त्यांच्याकडे सायकल आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

सविस्तर लिहितो.

पहाटे क्लबात मी आधी पोचलो आणि मोठ्या दिवसाचं म्हणून रायफलीला नेहमीच्या दुप्पट तेल दिलं. सहाला टेंपो निघाला. आबाजी पुढे, मागे मी, नवीन आणि जयवंताबाई. चौकला बाईंनी टेंपो थांबवायला लावला. बद्रुद्दीनभाई दुकानासमोर उभे होते. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "दोन तास टिकल. शेजारच्या धाब्यावरचं उकळतं पाणी हाय, जपून." मला वाटलं, चहाचं.

खालापूरची रेंज बर्फासारखी. बोलताना तोंडातून वाफ. तपासणीची एक गोळी झाडायची असते, ती बाईंनी झाडली. पुंगळी खिडकीत उभी. खालापूरच्या मंडळींत खसखस पिकली. पंच म्हणाले, "वीस मिनिटं आहेत तुमच्या नंबराला. काय ते करून घ्या."

जयवंताबाईंनी रायफल रिकामी केली, पंचांना दाखवली, नळी डोंगराकडे करून बाकावर आडवी ठेवली आणि गोणपाट सोडलं. आत सायकलची जुनी ट्यूब. दोन्ही टोकं गाठ मारून बंद, आत उकळतं पाणी, अजगरासारखी टम्म. ती त्यांनी रायफलीच्या मध्यावर, बोल्ट असतो तिथे, दोन वेढे देऊन गुंडाळली आणि वरून गोणपाट झाकलं. मग शेजारी बसून राहिल्या.

पंच धावत आले. "हे काय आहे?"

"सायकलची ट्यूब," बाई म्हणाल्या.

"रायफलीला?"

"पत्रातच लिवलंय, सायकलीचा बिघाड हाय म्हणून." आणि खरोखर त्यांनी बद्रुद्दीनभाईंकडे गेलेलं माझं पत्र काढून दिलं, आबाजींच्या सहीचं.

पंचांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "नियमात नाही बसत. बाहेरची वस्तू लावता येणार नाही. काढा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कोणी कधी माझ्याकडे तसं पाहिलेलं नाही. शाळेत तर नाहीच. ट्यूब कशासाठी ते मला कळलं नव्हतं. पण त्यांना ती हवी होती, एवढं कळलं.

मी पुढे झालो. म्हटलं, "नियमावली दाखवा." त्यांनी दाखवली. एकोणतीस कलमं मी मोठ्याने, अर्थासह वाचली. शेवटी म्हटलं, "यात ट्यूबचा निषेध कुठे आहे? अप्रतिषिद्धम् अनुमतं भवति. जे निषिद्ध नाही, त्याला संमती आहे असं धरावं, हा शास्त्रार्थ. आणि बाहेरची वस्तू झाडताना नसावी, असं कलम सतरा म्हणतं. या आत्ता झाडत नाहीत, बसल्या आहेत."

"सर, पण…"

"कलम सतरातला वर्तमानकाळ पाहा."

त्यांनी पाहिला. पाहून झाला तोवर नंबर पुकारला गेला. वीस मिनिटं माझ्या व्याकरणात गेली होती आणि ट्यूब तिथेच होती. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत लांब तासाला कोणी तरी पुरतं बसून राहिलं.

बाईंनी ट्यूब सोडली, रायफल उचलली. गालाला लावली तेव्हा चटका बसला असावा, पण हलल्या नाहीत. दहा गोळ्या. मी पुंगळ्या मोजत होतो, कागद नव्हे. सहावीला बोल्ट जरा रेंगाळला आणि माझा श्वास त्याच्याबरोबर. मग तीही उडाली. सत्तावीस सेकंद. चौऱ्याऐंशी.

आबाजी उठून म्हणाले, "झालं की." बाई खाली बसल्या आणि पहिल्यांदा त्यांनी हात पदराला पुसले, हातांना तेल फार लागलं होतं.

परतीच्या वाटेवर कारण माझ्या लक्षात आलं. रबर. रबराने धक्का शोषून घेतला आणि बोल्टला स्थैर्य मिळालं. नवीनला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता, खांदे हलत होते. रस्ता खराब आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल कमिटीची बैठक. जयवंताबाई कायम झाल्या. नेमणुकीच्या कागदावर त्यांनी सही केली, मग तो कागद स्वतः वाचला, मग नवीनकडून पुन्हा वाचून घेतला. घडी घालून ब्लाउजात ठेवला.

आबाजी म्हणाले, "एजन्सी तर रद्द केली. मग आता झाडू कोण मारणार?"

तेव्हा बाई उठल्या. कमिटीत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. म्हणाल्या, "सरांना देखभालीची लय आवड हाय. बंदूक मी बघते, तुमी कशाला हात खराब करता? रेंज सरांकडं द्या. रविवारच्या रविवार."

ठराव एकमताने मंजूर झाला. नवीनने दोन्ही हात वर केले. रायफलीच्या कपाटाची किल्ली मी बाईंच्या हाती दिली आणि त्यांनी ती माझ्यादेखत कमरेला खोचली. माझ्यातला सेवाभाव अकरा वर्षं झाडू मारणाऱ्या बाईंच्या नजरेतून सुटला नाही, याचं समाधान वाटलं.

आज शाळेला सुट्टी होती, म्हणून रविवारची वाट न बघता सकाळीच सुरुवात केली. तासभर झाडलं. जयवंताबाई खुर्चीवर बसून रायफल पुसत होत्या. हवालदारांची अडगळीतली बाटली त्यांनी शोधून काढली आहे; वास अजून तितकाच उग्र. झाडून झाल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

त्यांनी रेंजवरून एकदा नजर फिरवली.

"सर, कोपरे ऱ्हायले," त्या म्हणाल्या.

राहिले होते.